नित्य एक वचन : प्रकरण, अधिकार आणि मनन

प्रातःकाळी उठल्यावर एखादे सुवचन वाचावे, त्यातील एखादा नवा शब्द ध्यानात ठेवावा आणि मग दिवसाच्या उद्योगाला लागावे, ही चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरी आढळते. शाळेच्या दाराशी काळा फळा असतो. त्यावर पाळीने एखादा विद्यार्थी खडूने सुविचार लिहितो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा विद्यार्थी तो पुसून नवा लिहितो. दिनदर्शिकेच्या पानावर तारखेच्या खाली एक ओळ असते. अलीकडे तर सूर्य उगवण्यापूर्वीच फुलांच्या आणि दिव्यांच्या चित्रांसह दहा-वीस वचने मोबाईलवर येऊन पडलेली असतात, आणि ज्याने ती वाचली तो तत्काळ ती दुसऱ्या दहा जणांकडे धाडून मोकळा होतो. ही चाल वाईट आहे असे कोणी म्हणू नये. दिवसाचा आरंभ निंदेने किंवा चिंतेने होण्यापेक्षा चांगल्या शब्दाने झालेला बराच. तथापि वर्षाला तीनशे पासष्ट सुवचने वाचणाऱ्या माणसाला वर्षाअखेरीस त्यांतील किती आठवतात आणि त्यांतील एकाने तरी त्याचा हात कधी धरला काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा मौनाचेच येते.

पंथाच्या पूर्वजांनीही नित्य वचनचिंतनाचा मार्ग धरला होता. किंबहुना पंथाचा आद्य ग्रंथच अशा चिंतनातून जन्माला आला आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भक्तजनांच्या वाट्याला असन्निधान आले. त्या काळात श्रीनागदेवाचार्य रिद्धपूर येथे विजनात बसून स्वामींच्या एकेका लीळेचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्यांना, आपण एकांती काय आठवीत असता, असे पुसले; आणि उत्तर ऐकून त्या लीळा लिहून ठेवण्याची कल्पना म्हाइंभटांनी मांडली, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या लीळाचरित्राचा हा उगम आहे. पुढे म्हाइंभट जेथे जेथे स्वामींचा सहवास लाभलेले लोक होते तेथे तेथे गेले, ज्याला जे ठाऊक होते ते त्याच्याकडून ऐकले आणि ते आचार्यांच्या समोर पारखून घेतले. आजच्या वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी केवळ वाक्ये गोळा केली नाहीत. स्वामी कोठे होते, समोर कोण होते, त्याने काय पुसले, स्वामींनी काय केले आणि मग काय म्हटले, हे सारे त्यांनी गोळा केले. वाक्य हे त्या प्रसंगाचे फळ होय. झाडासह फळ त्यांनी जपले.

यानंतर केशिराजबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. आता वचने प्रसंगापासून वेगळी झाली; पाठ करण्यास सोयीची झाली. नेमका येथेच तो धोका उभा राहिला जो आजच्या सुविचाराच्या फळ्यावर दिसतो. वाक्य सुटे झाले की ते कोणीही, कोठेही, कोणालाही उद्देशून उच्चारू शकतो. पूर्वजांना हा धोका दिसला होता, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणता येते. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले गेले हे सांगणारे प्रकरणवशासारखे ग्रंथ पंथात निर्माण झाले. त्यांचा हेतू पांडित्य मिरविण्याचा नव्हता. सूत्र पाठ असणाऱ्याला त्याचे प्रकरणही पाठ असावे, एवढीच त्यामागील तळमळ होती.

केशिराजबासांच्याच दृष्टांतपाठाकडे पाहिले तर ही दृष्टी अधिक स्पष्ट होते. त्यात एकशे चौदा दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची तीन अंगे आहेत : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. सूत्राने तत्त्व सांगितले, दृष्टांताने ते गावच्या चावडीवर, शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात आणून दाखविले, आणि दार्ष्टांतिकाने दृष्टांतातील कोणती वस्तू तत्त्वातील कोणत्या वस्तूच्या जागी आहे ते जुळवून दिले. नित्य चिंतन करू इच्छिणाऱ्याला याहून चांगला नमुना मिळणे कठीण. सुविचाराच्या फळ्यावर पहिलेच अंग असते. दुसरे क्वचित असते. तिसरे अंग तर कोणी दुसरा लिहून देऊच शकत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या दिवसातूनच लिहावे लागते. हत्तीचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. आंधळ्यांपैकी एकाच्या हाती कान लागला, एकाच्या पाय, एकाच्या शेपूट, आणि ज्याच्या हाती जे लागले त्यालाच तो हत्ती समजून बसला. रोज एक सुटे वाक्य वाचणाऱ्याची गत याहून फारशी निराळी नसते. मात्र त्याच्या हाती आज कान, उद्या शेपूट असे येत असल्यामुळे आपण पुष्कळ हत्ती पाहिले असा भ्रम त्याला होतो.

प्रकरण काय करते याचे एक उदाहरण घेऊ जाता ससिक रक्षणाची लीळा आठवते. स्वामी एकांकात रानात बसलेले असताना पारध्याच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा त्यांच्याजवळ येऊन मांडीखाली लपला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. तो शरण आलेला आहे, असे स्वामींनी सांगितले. पारध्यांशी बोलणे झाले आणि त्यांनी ती हिंसा सोडली. मग स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला महात्मा असे संबोधून जाण्यास सांगितले. आता 'शरणागताचे रक्षण करावे' एवढे वाक्य फळ्यावर लिहिले तर ते कोणाला मान्य होणार नाही? सर्व धर्मांतील सर्व माणसे त्याला मान डोलवतील आणि पुढे जातील. परंतु लीळेसह ते वाचणाऱ्याला तसे पुढे जाता येत नाही. त्याला पुसावे लागते की, स्वामींनी पारध्यांना हाकलले का नाही, त्यांच्यावर रागावले का नाही. ज्यांच्या हाती शस्त्र होते त्यांच्याशीही ते का बोलत राहिले. आणि सर्वांत शेवटी त्याला त्या एका संबोधनापाशी थांबावे लागते. धाप लागलेल्या, थरथरणाऱ्या एका रानटी जिवाला महात्मा म्हटले आहे. पंथात हा शब्द साधकाला लावला जातो. तो ऐकण्याची सवय झालेल्या माणसाच्या कानावर ही लीळा पडली की त्या शब्दातला मान कोठे आणि भार कोठे, याचा त्याला नव्याने विचार करावा लागतो. एका शब्दाने एक दिवस पुरेल असे म्हणतात. हा शब्द एखाद्या चातुर्मासाला पुरून उरेल.

प्रकरणाइतकाच अधिकाराचा विचार महत्त्वाचा आहे, आणि येथेच नित्य वचनवाचन करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक घडते. आचार प्रकरणातील त्यागाचे वचन सर्वश्रुत आहे. त्यात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तजनांचा संबंध सोडण्यास सांगितले आहे, आणि त्यांतील शेवटच्या संबंधाच्या त्यागाला 'विशेष' हा शब्द जोडलेला आहे. वचन कोणाला उद्देशून आहे? ज्याने सर्व सोडून अनुसरण केले, ज्याला नित्य अटण करावयाचे आहे, ज्याचा निवास झाडाखाली आणि ज्याचे अन्न भिक्षेचे, त्या साधकाला उद्देशून ते आहे. त्याच्या मार्गात देशाचा मोह आहे, गावाचा अधिक आहे. पण आईची हाक, भावाचे लग्न, बहिणीचे आजारपण ही बंधने सर्वांत मऊ म्हणूनच सर्वांत बळकट. यास्तव 'विशेष'.

आता हेच वचन एखाद्या संसारी गृहस्थाच्या हाती सुटे पडले तर काय होते ते पाहावे. गृहस्थ वासनिक आहे, उपदेशी आहे, सकाळी नामस्मरण करतो, वहीत रोज एक सूत्र सुंदर अक्षरात उतरवून ठेवतो. गावाकडच्या धाकट्या भावाचे पीक बुडाले. तो चार दिवसांसाठी पैसे मागण्यास येतो. गृहस्थाच्या वहीत त्या दिवशी नेमके हे सूत्र असते. तो भावाला म्हणतो, शास्त्रानेच सांगितले आहे की आप्तांचा संबंध विशेष करून सोडावा. भाऊ रित्या हाताने परत जातो. गृहस्थाने काय सोडले? देश सोडला नाही, गाव सोडले नाही, घर, शेत, दागिने, ठेवी यांतील काहीच सोडले नाही. ज्या एका संबंधाने त्याला खर्च पडणार होता तो एकच संबंध त्याने सोडला आणि त्याला वैराग्याचे नाव दिले. सूत्र खरे होते, अक्षर शुद्ध होते, पाठही बिनचूक होता. चूक एवढीच झाली की साधकाला स्वतःपासून सोडविण्यासाठी सांगितलेले वचन त्याने भावापासून सुटण्यासाठी वापरले.

ही कल्पित कथा असली तरी अशी माणसे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. क्षमेचे वचन ज्याने अपराध केला आहे तोच ज्याच्यावर अपराध झाला त्याला ऐकवितो. संतोषाचे वचन मालक नोकराला ऐकवितो. मौनाचे वचन सासू सुनेला. प्रत्येक वेळी वचन योग्य असते आणि ते नेमके चुकीच्या दिशेला तोंड करून उभे केलेले असते. औषधाची बाटली शेजाऱ्याच्या तोंडाला लावून आपला ताप उतरत नाही, हे ज्याला कळते त्यालाही वचनाच्या बाबतीत ते कळत नाही हे आश्चर्य होय. मग गृहस्थाने त्यागाचे ते सूत्र वाचूच नये काय? अवश्य वाचावे. पण ते वाचताना, हे मला आज लागू आहे, असे न म्हणता, यातील कोणता मोह माझ्या ठिकाणी आहे, असे पुसावे. मुलाच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी तो खोटे बोलतो काय? नातेवाईक आहे म्हणून अपात्राला जागा देतो काय? तेथे संबंध 'विशेष' रीतीने आड येत आहे. भावाच्या बुडालेल्या पिकाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

वचनाला प्रकरण आणि अधिकार लागतो तसा शब्दाला अर्थ लागतो, आणि तो अर्थ सातशे वर्षांत पुष्कळदा सरकलेला असतो. वरती 'पुसणे' हा शब्द अनेकदा आला आहे. लीळाचरित्र प्रथमच उघडणारा आजचा शहरी तरुण त्या शब्दाशी अडखळतो. त्याच्या घरी फरशी पुसतात, फळा पुसतात. गावाकडे मात्र अजूनही वाट पुसतात, ख्यालीखुशाली पुसतात. हा प्रश्न विचारण्याच्या अर्थाचा शब्द संस्कृतातील पृच्छ् धातूकडून आलेला आहे. फळा पुसण्याचा शब्द त्याहून निराळा. दोन्हींचा उच्चार मराठीत एक झाला एवढेच. लीळाचरित्रात या पुसण्याला केवढे स्थान आहे! महदाइसा सतत पुसत असत. जे कळले नाही ते पुन्हा पुसावयाचे, उत्तर मिळाले की त्यातून दुसरा प्रश्न काढावयाचा, असा त्यांचा स्वभाव होता. आणि त्यांच्या या जिज्ञासेची स्वामींनी कौतुकाने दखल घेतल्याचे चरित्रात नमूद आहे. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या महदाइसा आधी पुसणाऱ्या होत्या आणि मग धवळे रचणाऱ्या झाल्या. लीळाचरित्रातून त्यांचे प्रश्न वगळून पाहिले तर किती निरूपणे मुळातच घडली नसती, याचा अंदाज येतो. ज्या वचनाला काही पुसले नाही ते वचन फळ्यावरच्या सुविचाराप्रमाणे दुसऱ्या अर्थाने पुसले जाते.

भिक्षा या शब्दाचीही अशीच गत झाली आहे. आज भिक्षा म्हटले की भीक आठवते आणि भीक म्हटले की लाज. पंथाच्या आचारात भिक्षा हे पोट भरण्याचे साधन होतेच, पण त्याहून अधिक ते रुचीचा हट्ट मोडण्याचे साधन होते. अनेक घरचे अन्न एका झोळीत एकत्र होते. कोणाच्या घरचे काय हे ओळखू येत नाही. गोड बाजूला काढता येत नाही, कडू टाकता येत नाही. हा अर्थ कळल्यावर जो झोळी घेऊन निघणार नाही अशा गृहस्थालाही त्या शब्दाचा उपयोग होतो. ताटातले न आवडणारे त्याला एक दिवस मुकाट्याने खाता येते. बस्स, तेवढेच. त्या दिवशीचे दार्ष्टांतिक तेवढेच असते.

शब्दाच्या अर्थाविषयीची ही दक्षता पूर्वजांनी किती दूरवर नेली होती हे पाहण्यासारखे आहे. सूत्रांचा अर्थ नेमका लागावा म्हणून भीष्माचार्यांनी पंचवार्तिक लिहिले, आणि अभ्यासक त्याला मराठीचे आद्य व्याकरण मानतात. इतर भाषांची व्याकरणे राजदरबारी, पाठशाळेत, काव्यरचनेच्या सोयीसाठी झाली असतील. मराठीचे पहिले व्याकरण मात्र एका वचनाचा अर्थ चुकू नये या काळजीतून लिहिले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सर्वत्र आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण ज्या भाषेत विभक्तीच्या एका प्रत्ययासाठी माणसे रात्र रात्र बसली, तिच्या अभिजातपणाचा एक पुरावा ताम्रपटांइतकाच त्या बसण्यातही आहे.

ही भाषा निवडण्यामागेही एक विचार होता. विद्वान शिष्यांना संस्कृताची ओढ होती, आणि संस्कृतात प्रश्नोत्तर करणे त्यांना सोपे व भूषणावह वाटे. नागदेवाचार्यांनी ते मानले नाही. स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितले आहे, आणि ते संस्कृतात गेले तर साध्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, या अर्थाचे त्यांचे म्हणणे स्मृतिस्थळात आले आहे. वचन नित्याचे व्हावयाचे तर ते चुलीपाशी बसणाऱ्याच्या भाषेत असले पाहिजे. आजच्या सुविचारांत पुष्कळदा मोठमोठे सामासिक शब्द असतात. वाचणाऱ्याला ते भारी वाटतात आणि कळत नाहीत. त्यांच्याशेजारी सूत्रपाठ ठेवला तर नवल वाटते की एवढे गहन एवढ्या लहान आणि घरगुती शब्दांत कसे मावले.

पुढे संकटाचा काळ आला. देवगिरीवर उत्तरेकडील फौजांच्या स्वाऱ्या झाल्या आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरेत सांगितले जाते. त्यानंतर ज्याला जे पाठ होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. आज निरनिराळे पाठ दिसतात त्याचे हे एक कारण. नंतरच्या काळात ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवण्यात आले आणि ते बाहेरच्यांना वाचता येईनासे झाले. या सर्व हकिगतीतून इतिहासकार आपले निष्कर्ष काढतील. साधकाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट लक्षणीय आहे : कागद गेला तेव्हा ग्रंथ माणसांत होता. तो तेथे होता कारण त्यांनी तो रोज, थोडा थोडा, प्रसंगासह, पुसत पुसत आत नेला होता. आजच्या माणसाचा मोबाईल हरवला तर त्यातील हजारो सुवचनांपैकी त्याच्यात किती उरतील?

नित्य एक वचन घेण्याची रीत, यावरून, कठीण नाही. फक्त ती मंद आहे. पहाटे स्नानानंतर, स्मरणाला बसण्यापूर्वी, एकच सूत्र घ्यावे. ते तोंडाने म्हणावे. त्यातील ज्या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे असे वाटते पण सांगता येत नाही, तो एक शब्द उचलावा आणि घरातल्या वडीलधाऱ्याला, मठातल्या बाबांना, जमल्यास कोशाला पुसावा. मग त्याचे प्रकरण पाहावे : स्वामी कोठे होते, कोण समोर होते. हे झाल्यावर वही मिटावी. दिवसा त्या शब्दाचा शोध करीत फिरू नये. शब्दच शोध करीत येतो, आणि बहुधा अशा वेळी येतो की जेव्हा त्याची अडचण होते. दुकानात तराजू हातात असताना येतो, कचेरीत दुसऱ्याचा दोष वरिष्ठांपुढे मांडण्याची सोन्यासारखी संधी असताना येतो, जेवताना मीठ कमी पडले म्हणून तोंड उघडणार तेवढ्यात येतो. रात्री निजण्यापूर्वी वहीत सूत्राखाली एक ओळ लिहावी : आज ते कोठे भेटले. लिहिण्यात स्वतःची बाजू सावरू नये. ही वही दुसऱ्या कोणाला दाखवावयाची नसते.

काही दिवस ती ओळ कोरीच राहते. तेव्हा पुष्कळजण घाबरून दुसऱ्या सकाळी नवे सूत्र घेतात, जणू कालचे नापास झाले. तसे करू नये. कोऱ्या ओळीखाली तेच सूत्र पुन्हा लिहावे. एखाद्याच्या वहीत एकच सूत्र अकरा दिवस लिहिलेले दिसेल, दहा ओळी कोऱ्या आणि अकरावीवर धाकट्या भावाच्या गावचे नाव, एस.टी.च्या सुटण्याची वेळ, आणि बरोबर न्यावयाच्या रकमेचा आकडा.